विणकामाच्या पानाशेजारी

नांगर बनवणाऱ्या कारखान्याने बायकांसाठी मासिक काढावे, हे आज ऐकायला विचित्र वाटते. १९३० सालच्या ऑगस्टमध्ये मात्र ते घडले. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना उभारला होता. लोखंडी नांगराने जमिनीला विषबाधा होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. माल खपवायचा तर आधी गिऱ्हाइकाशी बोलत राहावे लागते, हा धडा त्या घराण्याने तिथेच गिरवला असावा. १९२० मध्ये शंकर वासुदेव किर्लोस्करांनी, म्हणजे शंवाकिंनी, 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची बातमी देणारे ते पत्रक बघता बघता साहित्य-विचारांचे मासिक झाले, 'खबर' गळून नुसते 'किर्लोस्कर' उरले, आणि पाठोपाठ १९३० मध्ये बायकांसाठीचे ते मासिक, 'स्त्री', आले, १९३४ मध्ये 'मनोहर' आले. तिघांना मिळून लोक 'किस्त्रीम' म्हणत. त्याच नावाचा दिवाळी अंक आज निघतो, आणि तो विकत घेणाऱ्या निम्म्या लोकांना त्या नावाची फोड माहीत नसते.

माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते. ती ते 'विचार' म्हणून ठेवत नव्हती. स्वेटरच्या नमुन्यांसाठी ठेवत होती. दोन सुलट, एक उलट, अशा खुणांवर तिने पेन्सिलीने टिक केलेली असे, कारण मधेच कुणी हाक मारली की टाके विसरायला होत. त्या पानांच्या मागेपुढे काय छापले आहे ते तिने वाचले का, हे मी तिला कधी विचारले नाही. पण अंक वीस-वीस वर्षे जपले गेले ते त्या खुणांमुळे. बाकीचा मजकूर त्या स्वेटरच्या आडोशाने घरात राहिला.

माझे म्हणणे या ट्रंकेतूनच निघते. 'स्त्री' मासिकाने मराठी मध्यमवर्गीय घर हलवले असेल, तर धाडसी लेख आणि लोणच्याची कृती एकाच टाचणीत बांधली म्हणून. पुढे ती टाचणी निघाली. स्वयंपाक एका मासिकात गेला, विचार दुसऱ्या मासिकात, आणि दोन्हींची ताकद कमी झाली. या फाटाफुटीचा सगळा दोष आपण बाजारावर ढकलतो. त्यातला काही वाटा आमच्यासारख्या 'गंभीर' वाचकांचाही आहे, हे मला इथे मांडायचे आहे.

आधी 'स्त्री' निघाले तो काळ पाहा. मुलीचे लग्नाचे वय किमान चौदा ठरवणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० रोजी अमलात आला. त्याच उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह पेटला आणि बायका रस्त्यावर आल्या. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावर उघड लिहिणारे र. धों. कर्व्यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून निघत होते, पण ते उशीखाली ठेवून वाचायचे मासिक. 'स्त्री'ला मात्र माजघरात उघड जागा मिळाली. पोस्टमनने ते दारात दिले तरी सासऱ्याच्या कपाळाला आठी पडत नसे. कारण मुखपृष्ठावर बाई आणि आत गोष्टी, पदार्थ, शिवण. नहाण आलेल्या मुलीला शाळेत ठेवावे का, विधवेने पुन्हा लग्न करावे का, नवऱ्याने दुसरी केली तर पहिलीने काय करायचे, हे प्रश्न तिथे गप्पांच्या सुरात निघायचे. मुंबई इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आला आणि हिंदू घटस्फोटाचा १९४७ मध्ये. कायदे विधिमंडळात होतात खरे, पण त्यांतला 'घटस्फोट' हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायची सवय कुणीतरी आधी लावावी लागते.

तरी या सुरुवातीचे फार गोडवे गाऊ नयेत. हे पुरुषांनी बायकांसाठी काढलेले मासिक होते. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला पुढे ढकलावे तसा त्याचा आवाज होता. माया होती, आणि ढकलण्याची दिशा भावाने ठरवलेली होती. महाराष्ट्रात बायका त्याआधीच स्वतःच्या आवाजात बोलल्या होत्या. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून जी चपराक दिली, तिची धग पुढे पन्नास वर्षे कुठल्याच 'बायकांच्या' नियतकालिकात दिसत नाही. तानूबाई बिर्जे यांनी नवऱ्यामागे 'दीनबंधू'चे संपादन केले, आणि ते काही भगिनीवर्गासाठीचे पत्र नव्हते, सत्यशोधकांचे होते. 'स्त्री'ची वाचक कोण? पुणे, मुंबई, सांगली, नागपूर इथली पांढरपेशी, शिकलेली, बहुतेक उच्चवर्णीय गृहिणी. शेतात राबणाऱ्या बाईला या मासिकातल्या 'गृहिणीचा फावला वेळ' या कल्पनेचेच हसू आले असते.

मग १९६० नंतरची पिढी आली. पु. वि. बेहेरे यांची 'मेनका' आणि 'माहेर' ही मासिके घरोघर गेली. कथा हेच त्यांचे भांडवल होते आणि ते त्यांनी उत्तम वापरले. त्यांना उगाच नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. इंग्रजी वाचणाऱ्या बायकांसाठी टाइम्स समूहाची 'फेमिना' १९५९ पासूनच होती, आणि १९६४ पासून तिच्या नावाने मिस इंडिया निवडली जाऊ लागली. एकूण बाजार भरू लागला होता.

याच सुमारास, १९६४ मध्ये, विद्या बाळ नावाची तरुण बाई 'स्त्री'च्या संपादकीय विभागात नोकरीला लागली. न. चिं. केळकरांची नात. सुस्थित सदाशिवपेठी संस्कारांतली. १९७४ मध्ये पुणे महापालिकेच्या निवडणुकीला त्या जनसंघातर्फे उभ्या राहिल्या आणि पडल्या. पुढे ज्या स्त्रीवादी विद्याताईंना आपण ओळखतो त्यांच्याशी हे चित्र जुळत नाही, म्हणून अनेक जण ते गाळतात. मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटते. ही बाई 'स्त्री'च्या वाचकांपैकीच एक होती. वाचकांची पत्रे उघडता उघडता ती बदलली, आणि ती बदलली म्हणून मासिक बदलले. बाहेरून कुणी क्रांतिकारक आणून खुर्चीत बसवला असता तर वाचक बाई सहा महिन्यांत वर्गणी बंद करून मोकळी झाली असती.

१९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष, पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा खटल्यावरचा संताप, हुंड्याचे बळी, हे सगळे 'स्त्री'च्या दारावर धडकत होते. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्दोष सोडले. न्यायाच्या अंगाने तो विषय तिथे संपला. पण 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका आपापल्या घरातले बोलू लागल्या, तो विषय संपला नाही. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारा नारी समता मंच त्याच काळात उभा राहिला.

आणि याच १९८२ मध्ये 'स्त्री'त एक लेखमाला छापून येत होती. मराठी मासिकांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कोणता असे मला कुणी विचारले तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

फलटणला एक बाई किराणा मालाचे लहानसे दुकान चालवत होती. मालाच्या पुड्या बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसले की ती बाई ती रद्दी वाचायची. वाचता वाचता स्वतःही लिहू लागली, महारवाड्यातले आपले बालपण, आई-बापाचे जिणे, बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेली पिढी, आणि घरातल्या सुनेचे हाल. लिहिलेले कागद ती नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडणार नाहीत असे कोनाकोपऱ्यात लपवून ठेवी. असे वीस वर्षे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांना त्या लेखनाचा सुगावा लागला, त्यांनी आग्रह धरला, आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' क्रमशः छापून आले. पुस्तक १९८६ मध्ये निघाले, पण आधी ते वाचले गेले 'स्त्री'मध्ये.

म्हणजे कोणी वाचले? माझ्या आजीसारख्या बायकांनी. वाड्याच्या माजघरात, दुपारच्या चहानंतर, विणकामाच्या सुया बाजूला ठेवून. ज्या घरांत महार बाईला सरपणाचा पैसा लांबून टाकत आणि नंतर अंगण शिंपडून घेत, त्याच घरांत त्या बाईची लेक स्वतःच्या शब्दांत शिरली आणि तिने सवर्ण वाचक बाईलाही सोडले नाही, आपल्या समाजातल्या सासूलाही सोडले नाही. दलित साहित्याच्या एखाद्या नियतकालिकात हे आले असते तर त्याचे कौतुकच झाले असते. पण ज्यांनी ते वाचून खाली मान घालायला हवी होती, त्यांच्या हाती ते पडले नसते. ते त्यांनी मागवले नव्हते. त्यांनी 'स्त्री' मागवले होते.

मिसळलेल्या मासिकाचे बळ हे असते. वाचक ज्यासाठी येते ते तिला मिळते, आणि ज्याची तिने कधी अपेक्षा केली नाही तेही मिळते.

विद्याताई १९८३ मध्ये संपादक झाल्या. तीन वर्षे. १९८६ मध्ये मासिकाची मालकी बदलली आणि त्या बाहेर पडल्या. छप्पन्न वर्षे एका उद्योगघराण्याच्या सावलीत मासिक वाढले. छापखाना घरचा, त्यामुळे दर महिन्याला साडीवाल्याची मर्जी राखायची गरज इतरांपेक्षा कमी असावी असा माझा कयास आहे. मात्र सावली देणाऱ्याने अंग काढून घेतले की ऊन थेट डोक्यावर. वाचक बायकांनी पत्रे लिहून, गोष्टी पाठवून, व्याख्यानांना गर्दी करून जे उभे केले, त्यावर त्यांचा कागदोपत्री शून्य हक्क होता. विकले गेले ते फक्त नाव नव्हते, बायकांच्या दोन-तीन पिढ्यांचा पत्ता विकला गेला. या व्यवहारात कुणी फसवणूक केली असे नव्हे. मालकाने मालकीचे विकले. घरात जन्मभर राबलेल्या बाईला सातबारावर नाव नसल्याचे जसे उशिरा कळते, तसेच हे.

ऑगस्ट १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' निघाले. पुन्हा ऑगस्टच. या वेळी मागे कारखाना नव्हता, वाचक आणि हितचिंतक होते. पाककृती, सौंदर्यसल्ला, राशिभविष्य यांना फाटा द्यायचा हे ठरवून केलेले होते. शहरातल्या आणि खेड्यातल्या बाईने एकमेकींशी बोलावे, पुरुषानेही त्यात यावे, अशी त्याची कल्पना. विद्याताई ३० जानेवारी २०२० रोजी गेल्या. त्यांच्या आयुष्यातच गीताली वि. मं. यांनी संपादनाची धुरा घेतली होती. हे मासिक मराठीत नसते तर मी आज जे लिहिते ते लिहिले नसते. म्हणून पुढचे वाक्य जरा चाचरत लिहिते.

आमच्या ओळखीतल्या ज्या घरांत 'साऱ्याजणी' येते, त्या घरांत त्याची गरज कमीच असते.

ज्या घरांत गरज असते तिथे दुसरे काही येते. एकेकाळी 'गृहशोभिका' यायची. वर्तमानपत्राची पुरवणी यायची, आता तीही आक्रसली. 'गृहशोभिका'चे मूळ दिल्ली प्रेसमध्ये, जिथे कर्मकांडावर कोरडे ओढण्याची जुनी परंपरा होती, हे खरे. तरी तिथल्या सल्ल्याचा सूर नेहमी एकटीने स्वतःला सुधारण्याचा. त्वचा सुधारा, नवऱ्याशी वागणे सुधारा, घर सुधारा. प्रश्न समाजाचा असू शकतो, आणि शेजारणीलाही तोच असू शकतो, ही जाणीव जिथून यायची ते वाचकांच्या पत्रांचे पान हळूहळू सगळीकडेच अर्धे झाले.

यावर माझ्या मैत्रिणींचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला असा की स्वयंपाक आणि विणकाम बायकांच्या मासिकात ठेवले की ती बायकांचीच कामे आहेत यावर शिक्कामोर्तब होते. बरोबर आहे. पण ते काढून टाकल्याने घरातला स्वयंपाक बंद पडला नाही, तो करणारी बाई तेवढी मासिकातून बाहेर गेली. शिवाय त्या पानांचा आपण फार तुच्छतेने विचार करतो. मोजमाप, प्रमाण, नमुना, चूक झाली तर किती टाके मागे जायचे, हे सगळे ज्ञानच आहे, आणि ज्या बाईला तिच्या ज्ञानाचा मान तुमच्या अंकात दिसत नाही तिने तुमचे ज्ञान का घ्यावे? पुरुषांच्या मासिकात क्रिकेट असले म्हणून त्यातला अर्थसंकल्पावरचा लेख हलका ठरला, असे कुणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा. मिसळण्यात तडजोड असते. संपादकाला दर अंकाला पाहावे लागते की धार किती ठेवायची म्हणजे सासूबाईंना पोस्टमनच्या हातूनच तो अंक परत पाठवावासा वाटणार नाही. चळवळीतल्या माणसाला हे जिवावर येते. १९८२ पाहिलेल्या बाईला तर फारच. मी त्या वेळी त्या खुर्चीत असते तर मीही लोणच्याचे पान फाडून टाकले असते. आज चाळीस वर्षांनी, सगळी धार एका बाजूला आणि सगळे वाचक दुसऱ्या बाजूला झाल्यावर, ते सोपे वाटते हे मला कबूल आहे. तरीही बेबीताईंची लेखमाला तडजोडीच्या मासिकातच आली होती, आणि तिची धार कुणी बोथट केली नव्हती.

हा केवळ जुन्या मासिकांच्या आठवणींचा विषय असता तर मी एवढे ताणले नसते. एक उदाहरण देते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा, ही तरतूद महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरणही आले. केंद्राने हिंदू वारसा कायदा २००५ मध्ये दुरुस्त केला. वडील दुरुस्तीआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. कायद्याच्या अंगाने काही उणे नाही. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कुठल्याही दिवशी जा, भावांच्या बाजूने हक्कसोडपत्रावर सह्या करायला आलेल्या बहिणी बाकावर बसलेल्या दिसतील. कुणी जबरदस्तीने आणलेल्या नसतात. चांगल्या साड्या नेसून येतात, भाऊ चहा पाजतो, दिवाळीला साडीचोळी चुकणार नाही याची सगळ्यांना खात्री असते. माहेर तुटू नये, एवढाच सगळ्यांचा हिशेब.

हक्कसोडपत्रावर चांगले लेख मराठीत आले आहेत. मी वाचले आहेत, एक-दोन लिहिलेही आहेत. ते वाचणाऱ्या बायकांच्या सह्या होऊन गेल्या आहेत किंवा त्या करणारच नाहीत. बाकावरच्या बाया मासिक घेत नाहीत. त्यांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर त्या रोज पदार्थांचे व्हिडिओ बघतात. काही मराठी सुगरणींच्या त्या चॅनेलांना कुठल्याही मासिकाला कधी लाभला नाही एवढा वाचक, म्हणजे प्रेक्षक आहे. त्या सुगरणी फोडणी देता देता घरच्या गोष्टी सांगतात, खाली शेकडो बाया आपल्या सासरचे लिहितात. वाचकांच्या पत्रांचे पान तिथे जिवंत आहे. कुणी फोडणी आणि हक्कसोड एकाच दमात बोलेल अशी वाट मी पाहते आहे. तिथे जाहिरात तेलाची आणि मसाल्याची असते, आणि मसालेवाल्याला बहिणीच्या वाट्याचे काही पडलेले नाही. त्यामुळे ही वाट सोपी नाही. पण नांगरवाल्याला तरी विधवेच्या लग्नाचे काय पडले होते?

गेल्या उन्हाळ्यात माझी मामेबहीण सही करून आली. पावणेतीन एकर, बागायत, तीन भावंडांत. सही करण्याआधी तिने मला फोन केला नाही. मी या विषयावर लिहिते हे तिला माहीत आहे, बहुधा म्हणूनच. त्याच आठवड्यात दुसऱ्या कामासाठी मात्र केला होता. कैऱ्या पाच किलो आणल्या होत्या, मोहरीची डाळ किती घालायची ते विचारायला.